इंजिन बिघडेल त्या दिवशी

५ ऑक्टोबर, रविवार

आजही सुरू झालं. पहिल्याच किल्लीला!

मी पांघरुणात पडून ऐकत होते. दर रविवारी ऐकते. स्टार्टर फिरायला लागला की श्वास रोखून धरते – आज नको, आज नको – आणि ते मेलं घुमायला लागतं. मग ते गरम होईपर्यंत बाबा अंगणात उभे. हात मागे बांधलेले, मान जराशी कलती. मी तापाने फणफणले होते तेव्हासुद्धा माझा श्वास इतकं लक्ष देऊन कुणी ऐकला नव्हता.

धडधाकट गाडी बंद पडावी म्हणून देवाला साकडं घालायची वेळ बाबांनीच माझ्यावर आणली. ऑगस्टात ओबोनला, पितरांच्या सणाला, माकिओ ओसाकाहून आला होता. माझा धाकटा भाऊ, पण घरात थोरल्यासारखं बोलायची सवय. जेवताना त्याने विषय काढला. बाबा, अठ्ठ्याहत्तर झाली, आता लायसन्स पोलिसांकडे परत करून टाका, हल्ली सगळेच करतात. बाबांनी आधी घास संपवला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "ज्या दिवशी हे इंजिन बिघडेल, त्या दिवशी परत करीन."

माकिओ खूश! स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजतो, ताई, रोटरी इंजिनाची गाडी आहे ती, त्यात तीस वर्षांवर जुनी, नवं वर्ष बघणार नाही. मीही खुळी, मला ते पटलं. जगभरचे लोक हेच तर लिहितात – दिसायला देखणी, पळायला वारा, पण भरवसा ठेवू नका. तेल पिते, पेट्रोल पिते, गरम झाली की रुसते.

बाबांची सगळी नोकरी इथल्याच कारखान्यात गेली, त्यातली बरीचशी हीच इंजिनं जुळवण्यात. त्यामुळे मला प्राथमिक शाळेपासून पाठ आहे. इतरांच्या इंजिनात पिस्टन वरखाली आपटतात, आपल्यात तिकोनी रोटर गोल फिरतो. त्याच्या तीन टोकांना तीन पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. त्या झिजल्या की इंजिनाचा कारभार आटोपला. जगात सगळ्यांच्या झिजतात. आमच्याच तेवढ्या झिजत नाहीत.


९ ऑक्टोबर, गुरुवार

पलीकडच्या उतारावरचे एक आजोबा काल गाडीसकट दुकानात घुसले. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. काच फोडून थेट मासिकांच्या मांडणीपर्यंत. कुणाला लागलं नाही ते नशीब. आमच्या सुपरमार्केटात दिवसभर तोच विषय. मी आपली मागे क्रोकेट तळतेय आणि एकेक बाई काउंटरपाशी येऊन मला विचारतेय – अगं, तुझे बाबा अजून चालवतात ना? ती लाल, आवाजवाली?

संध्याकाळी बाबांना सांगितलं. तिखटमीठ न लावता. बाबा म्हणाले, "त्याची ऑटोमॅटिक होती. क्लचवाल्या गाडीत चुकीचं दाबलंस तर ती नुसती बंद पडते."

हे खरं आहे, हाच तर वैताग आहे! बाबांचं बोलणं खोटं असतं तर मी केव्हाच जिंकले असते. गेल्या वर्षी लायसन्सच्या वेळी त्यांची स्मरणशक्तीची परीक्षा झाली. चित्रं दाखवतात, मध्ये भलतंच काहीतरी करायला लावतात आणि मग विचारतात काय काय पाहिलंत. बाबांना सगळी आठवली. वर परीक्षा घेणाऱ्या मुलीला, तुमच्या चित्रातल्या ट्रकला आरसा काढलेला नाही, असं सुनावून आले. अशा माणसाशी काय बोलणार?


१२ ऑक्टोबर, रविवार

दुपारनंतर धो धो पाऊस. आमच्या चढावर येणारी बस आता इतकी कमी झालीय की ती चुकली तर तिथेच म्हातारं व्हायचं. माझं लायसन्स नुसतं पाकिटात. बावीस वर्षांची असताना बाबांनीच शिकवलं होतं, लग्नानंतर कधी हातात चाक धरलं नाही, आणि घटस्फोट घेऊन परत आल्यावर धीर झाला नाही. छत्री उघडतेय तोवर दुकानाच्या मागच्या दारी बाबा हजर. मी बोलावलंही नव्हतं.

त्या गाडीत बसणं म्हणजे जमिनीवर बसणं. उतरणं म्हणजे आधी एक पाय, मग हात, मग देवाचं नाव. आमच्या तळणविभागातल्या तिघी काचेला नाक लावून खिदळत होत्या. चोपन्न वर्षांची बाई, अंगाला तळणीचा वास, आणि शर्यतीच्या गाडीत! आत इंजिनाच्या तेलाचा वास. घरात माणसं दोन आणि तेलं दोन.

पण चालवतात कसे! वरच्या अरुंद वळणावर समोरून व्हॅन आली. बाबांनी मागे न बघितल्यासारखं बघून गाडी भिंतीलगत अशी सरकवली की व्हॅनवाल्याने हात वर करून सलाम केला. बाबांनी मानसुद्धा हलवली नाही. मी रागाने खिडकीबाहेर बघत बसले. इतकं चांगलं चालवणाऱ्या माणसाला आता चालवू नका कसं सांगायचं? आणि नाही सांगितलं, आणि एक दिवस काही झालं, तर समोरच्याच्या घरी जाऊन कपाळ टेकवायचं कुणी? माकिओ येणार आहे का ओसाकाहून?


१८ ऑक्टोबर, शनिवार

गॅसच्या सिलिंडरवाल्याला गाडी आडवी येत होती. बाबा भजनाला गेल्यासारखे न्हाव्याकडे गेलेले, कधी परततील सांगता येत नाही. मीच किल्ली घेतली. तीस वर्षांनी! सुरू केली, हातभर पुढे घेतली, बंद केली. कुठे धडकले नाही. सिलिंडरवाल्याने टाळ्या वाजवल्या. बाबांना सांगितलं नाही, उगीच तपासत बसतील ओरखडे.


१९ ऑक्टोबर, रविवार

मेलं! आज सुरूच झालं नाही! नुसतं कुंथतंय. मी पायजम्यातच बाहेर धावले.

(संध्याकाळी)

कशाचं आलंय बिघडणं. बाबांनी एकदा स्टार्टर फिरवून कान दिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काल हलवलीस?"

मी म्हटलं हातभर. बाबांनी कपाळाला हात लावला. रोटरी थंड असताना सुरू करायची आणि लगेच बंद करायची, यापेक्षा मोठं पाप नाही म्हणे. थंडीत ती जास्तीचं पेट्रोल ओढून घेते. ते जाळायच्या आत गळा दाबला की पेट्रोल आतच साचतं, प्लग भिजतात, मग ती उठत नाही. एक तर सुरू करू नये, केली तर पूर्ण गरम होऊ द्यावी. हे या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि मी त्यांची मुलगी. हे सगळं मला चिखलात उभं करून ऐकवलं. मग प्लग काढले, पुसले, वाळवले, पुन्हा लावले. धुराचा एक मोठा लोट – शेजारच्या ओकुनोकाकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर! – आणि इंजिन परत ठणठणीत.

मी म्हटलं, म्हणजे बिघडलंच होतं की. बाबा म्हणाले, "याला बिघडणं म्हणत नाहीत. इंजिन बिघडत नाही, कायोको. माणसं बिघडवतात."

ओकुनोकाकूंकडे मिठाईचं खोकं घेऊन माफी मागायला मीच गेले. दर नवीन वर्षाला वर्षभराच्या आवाजाची आगाऊ माफी म्हणून एक खोकं जातंच. यंदा दोन.


२६ ऑक्टोबर, रविवार

माकिओचा फोन. "अजून नाही का बिघडली?" म्हणे. जशी मी रोज तिच्या टाकीत साखर टाकतेय आणि कामात हयगय होतेय! वर मला सल्ला, ताई, तू तिथे आहेस, तूच जरा बघ. मी तिथे आहे हे मला माहीत आहे. पाच वर्षं आहे.


२ नोव्हेंबर, रविवार

महिन्याच्या पहिल्या रविवारी धरणाजवळच्या पार्किंगमध्ये सगळे रोटरीवाले जमतात. आज बाबांनी मलाही नेलं. तुझी आई यायची, म्हणाले. आई सहा वर्षांपूर्वी गेली; ती यायची खरी, पण लोकरीचं विणकाम घेऊन, गाडीकडे पाठ करून बसायला.

वीसेक गाड्या, सगळ्यांची तोंडं उघडी, सगळे बाप्ये वाकून आत बघतायत. आणि बोलणं काय तर कुणाची कुठे बंद पडली! एकाचं इंजिन दोनदा उघडावं लागलं, तो दोन बाळंतपणं सांगावीत तसं रंगवून सांगत होता. दुसऱ्याची गाडी लग्नाच्या दिवशी घाटात थांबली, बायको तिथून आगगाडीने गेली. केवढं कौतुक! कुणाच्या तोंडून "मग विकून टाकली" एवढं एक वाक्य निघेल तर शपथ. बाबा आले की हे सगळे सरळ उभे राहतात. बाबा बॉनेटवर कान धरतात, दोन शब्द बोलतात, लोक माना डोलावतात.

निशिगोरी भेटला. हा कारखान्यात बाबांच्या हाताखाली शिकला, आता खाली नदीकाठी त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. साठीला आला तरी बाबांना उस्तादच म्हणतो. त्याने यंत्र लावून आमच्या इंजिनाचा दाब मोजला. रोटरीचं मोजायचं यंत्रसुद्धा वेगळं, साधं चालत नाही. आकडे बघून शीळ घातली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांग, अजून किती काढेल? "उस्तादांच्या हातात?" तो म्हणाला. "कायोकोताई, आपण दोघं म्हातारे होऊ, ही नाही व्हायची."

परत येताना बाबा खुशीत गुणगुणत होते.


११ नोव्हेंबर, मंगळवार

आज कहर झाला.

सकाळी बाबा मला दुकानात सोडणार होते. गाडी सुरू होईना. बाबांनी प्लग काढले. ओले. मी दाराशी डबा घेऊन उभी. हात पुसत आले आणि म्हणाले, "पुन्हा हलवलीस?"

मी म्हटलं, मी हातही लावलेला नाही.

"मग ती आपल्या पायांनी चालली वाटतं. थंड सुरू करून लगेच बंद केलीय कुणीतरी. या घरात आपण दोघं आहोत."

मी पुन्हा सांगितलं, शपथेवर सांगितलं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. आणि मग शांतपणे, न ओरडता, "लायसन्स पाहिजे ना तुला माझं? तर तोंडावर माग. असं चोरून करू नकोस. हे तुला शोभत नाही."

पाच वर्षं या माणसाचे कपडे धुतेय, रोज सकाळी मिसो सूप करून ठेवतेय! मीही बोलले मग. करायचं असतं तर केव्हाच केलं असतं, इंजिनातलं तेल गुपचूप काढून टाकलं असतं तरी पुरलं असतं, असं काय काय बोलले. खोटं कशाला लिहू – गेल्या महिन्यात ते पाप कळल्यापासून दोनतीनदा मनात आलं होतं. पण केलं नाही. मनात आलं आणि केलं नाही, याचं श्रेय या जगात कुणी देत नाही.

बस चुकली. उतारावरून चालत गेले. कामावर उशीर, वर बोलणी.


१२ नोव्हेंबर, बुधवार

अबोला. सूप केलं, ताटलीने झाकून ठेवलं, निघाले.


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं!

ओकुनोकाकू कचरा ठेवायच्या जागी भेटल्या. सहज बोलता बोलता म्हणतात, तुझ्या बाबांची कमाल आहे बाई, सोमवारी दुपारी गाडी थोडी पुढे घेऊन खालची सगळी पानं झाडली, मग गाडी परत जागेवर, या वयात किती टापटीप. मी तिथल्या तिथे त्यांचे हात धरले. त्यांना काही कळेना.

जेवताना मी डाव साधला. तीन दिवसांचं सगळं साठलेलं बाहेर काढलं. चोरून केलं ना मी? मला शोभत नाही ना? सोमवारी दुपारी पानं झाडायला गाडी कुणी हलवली, विचारा ओकुनोकाकूंना! इतक्या लोकांना शिकवता आणि स्वतःच विसरता!

बाबांच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या. "सोमवारी," एवढंच म्हणाले. मग अंगणाकडे बघत बसले. बराच वेळ. मासा तसाच टाकून उठले आणि अंघोळीला गेले. एवढं उघडं पडूनही माफीचा एक शब्द नाही. माझ्या बापाचा हट्ट! मी मात्र दोन वाट्या भात खाल्ला.


१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी माझ्या डब्याशेजारी सोलून, फोडी करून ठेवलेला पर्सिमन. हीच माफी समजायची.


२४ नोव्हेंबर, सोमवार

बाबांचं काय बिनसलंय कळत नाही. रविवारचं फिरणं बंद. गारठा आहे म्हणतात. गारठ्यात इंजिनाला जास्त हवा मिळते, ते खूश असतं, हे मला आजवर कुणी ऐकवलं? गाडीत जाऊन नुसते बसतात. इंजिन बंद, हात चाकावर. मी चहाला हाक मारली तर दचकले.

आज सुट्टी म्हणून मीच आग्रह करून आईच्या थडग्यावर न्यायला लावलं. खालच्या चौकात लाल दिवा लागला तेव्हा मला विचारतात, "इथून डावीकडे ना?" पाच वर्षं दर महिन्याला जातोय आम्ही त्या रस्त्याने! माझीच परीक्षा घेतल्यासारखं. मी म्हटलं, बाबा, रस्त्यावर लक्ष द्या, माझं ज्ञान तपासू नका. बाबा हसले. डावीकडे वळले. ओबोनला आमच्याशी लावलेली पैज हरायची भीती वाटतेय बहुतेक, म्हणून गाडी जपून वापरतायत. जपा, जपा. लबाडीच ही.


७ डिसेंबर, रविवार

झालं.

सकाळी बाबा एकटेच धरणावर गेले. मला ये म्हणाले नाहीत. दुपारी परतायचे, चार वाजले तरी पत्ता नाही. फोन लागेना. मी तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. अंधारायला लागलं तेव्हा निशिगोरीचा ट्रक चढ चढताना दिसला. मागे आमची लाल गाडी, दोऱ्यांनी बांधलेली. बाबा पुढे निशिगोरीच्या शेजारी, टोपी मांडीवर.

"इंजिन गेलं," बाबा म्हणाले. "बोगद्यापाशी. सील."

या क्षणाची मी ओबोनपासून वाट बघत होते. कसं असेल ते शंभरदा मनात बघितलं होतं. पण त्यात बाबांचा चेहरा असा नव्हता. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "मग उघडून दुरुस्त करा ना!" मीच म्हटलं हे! निशिगोरी आहे, त्याला येतं, नवे सील घाला, तुमची हौस आहे, असंही पुढे म्हटलं.

"नको," बाबा म्हणाले. "बोललो होतो ते बोललो होतो."

निशिगोरी गाडी उतरवून, ढकलत तिच्या जागेवर लावून, चहा न घेता गेला. सबंध वेळ बुटांकडे बघत होता. त्यालाही लागलं असणार, उस्तादांच्या हातचं इंजिन.

माकिओला फोन केला. "बघ, म्हटलं नव्हतं?" मी फोन ठेवला.


८ डिसेंबर, सोमवार

ओकुनोकाकू कुंपणावरून हळहळत होत्या. एवढी जपलेली गाडी, अशी कशी गेली हो? बाबा पानं झाडायचं थांबवून म्हणाले, "रोटरीच ती. कितीही जपा, भरवसा नसतो."

माझ्या हातातून सुपली पडायची राहिली. माझ्या लग्नात सासरे गमतीने म्हणाले होते, रोटरी म्हणजे पेट्रोलचा उघडा नळ. बाबा त्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते! परदेशी पाहुण्यांसमोर रोटरीला कुणी हसलं म्हणून साहेबाशी भांडून बढती घालवलेला माणूस. आणि शेजारणीला सांगतोय, भरवसा नसतो. मला भयंकर राग आला. कशाचा ते सांगता येत नाही. मला त्या गाडीचं काय एवढं? पण वाटलं, तीस वर्षं जिने एकदा दगा दिला नाही, तिच्याबद्दल एका दिवसात असं बोलायचं?


१० डिसेंबर, बुधवार

रजा घेतली. बसने पोलीस ठाण्यात. बाबांनी कोट घातला होता, आईच्या अंत्यविधीला घातलेलाच. खिडकीतल्या मुलीने लायसन्स घेतलं, त्याला भोक पाडलं, आणि इतकी वर्षं सांभाळून चालवलंत, धन्यवाद, असं म्हणून वाकली. बाबा तिच्याहून खाली वाकले. सरळ व्हायला वेळ लागला.

बाहेर आल्यावर तव्यावरची गरम ओकोनोमियाकी खाल्ली. बाबांनी सगळी संपवली. सॉस हनुवटीला लागला होता तो मी पुसला. सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, आता कुणाच्या दारात कपाळ टेकवायला जायला नको. वाटलंही. पण ते वाटणं घरी येईपर्यंत टिकलं नाही.


१६ डिसेंबर, मंगळवार

हात टेकले. या माणसाला दिवसभर घरात ठेवणं म्हणजे डोक्याला ताप! फ्रिजला कान लावून बसतात. आवाज बदललाय म्हणतात. काल वॉशिंग मशीनची मागची बाजू उघडून ठेवली आणि बंद करायला मी हवी. भाताच्या कुकरची शिट्टी – म्हणजे त्याचं ते गाणं – अर्ध्या सुराने खाली आलंय म्हणे. मी कामावरून येते तेव्हा दाराशी उभे, आणि बस किती मिनिटं उशिरा आली ते मला सांगतात!

माकिओला म्हटलं, नव्या वर्षाला आठवडाभर घेऊन जा. बघतो म्हणाला. म्हणजे नाही.


२० डिसेंबर, शनिवार

निशिगोरी सोमवारी गाडी न्यायला येणार. सुट्या भागांसाठी बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणे. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. उद्या डिकीतलं सामान तेवढं काढून ठेव म्हणाले, माझ्याच्याने होणार नाही. एवढ्या वर्षांत, माझ्याच्याने होणार नाही, हे पहिल्यांदा ऐकलं. मी ओरडले त्यांच्यावर. मोजे उलटे घातले होते म्हणून. कारण काहीतरी पाहिजे होतं.


२१ डिसेंबर, रविवार

बाबा न्हाव्याकडे गेले होते. डिकी रिकामी केली. काच बोटभर उघडी राहिली होती, ती वर करायला किल्ली लावली. आणि जिची चार महिने वाट बघितली ती मेल्या इंजिनाची घरघर एकदा कानांनी ऐकावी म्हणून किल्ली पुढे फिरवली.

पहिल्याच फटक्यात सुरू झालं.

तसंच चालू ठेवून निशिगोरीला फोन केला. त्याला फोनमधून इंजिन ऐकू गेलं असणार. मग म्हणाला, "ताई, मी पोचलो तेव्हाही चालूच होतं. उस्ताद बोगद्यापाशी गाडीबाहेर उभे होते. घर कुठल्या बाजूला ते आठवत नाही म्हणाले. आणि मला म्हणाले, कायोकोला सांग, इंजिन गेलं."

पूर्ण गरम होऊ दिलं. मगच बंद केलं. रडून झालं तेव्हा बाबा फाटकातून आत आले, मान ताजी भादरलेली. मला बघितलं, गाडी बघितली. जवळ येऊन बॉनेटवर हात ठेवला. चांगलं तापलेलं होतं. हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं,

"गेलंय ना ग इंजिन?"

"हो, बाबा," मी म्हटलं. "पार गेलंय."